आतला मेकॅनिक

दुकानाचं काचेचं दार पाठीनं ढकलत तो उलटाच आत आला, कारण दोन्ही हात गुंतलेले होते. फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी त्यानं छातीशी धरलं होतं. वळताना चादरीचं टोक दाराच्या मुठीत अडकलं. काउंटरमागून संघप्रियानं धावत येऊन ते सोडवलं नसतं, तर ही गोष्ट तिथंच फरशीवर आपटून संपली असती.

"मुलगा की मुलगी?" तिनं विचारलं.

तो गोंधळला. त्यानं चादरीकडं बघितलं, मग तिच्याकडं. "सीपीयू हाय."

"अगंबाई! दिसतोय तरी गुटगुटीत."

हसावं की नाही, याचा विचार करण्यात त्याचा थोडा वेळ गेला. मग तो हसला... हळूच, एकाच गालानं.

संघप्रिया राजारामपुरीतल्या या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायची. गिऱ्हाईक किती खरं बोलणार, हे तिला पहिल्या वाक्यातच कळायचं. 'आपोआप बंद पडला' म्हणणाऱ्यानं त्यावर चहा सांडलेला असे. 'पोरांनी काहीतरी केलं' म्हणणाऱ्यानं हमखास स्वतःच केलेलं असे. हा पावणा मात्र म्हणाला, "वडलांनी कायतरी दाबलंय. काय दाबलं, ते त्यांनाबी सांगता येत न्हाय आणि मलाबी न्हाय." सगळंच्या सगळं खरं. असं गिऱ्हाईक वर्षाकाठी एखादं. तिनं ते लगेच जमेला धरलं.

मशीन सुरू झालं आणि पडद्यावर लालभडक चक्र फिरू लागलं. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो दोष आहेत, मशीन धोक्यात आहे, पैसे भरा म्हणजे सगळं साफ करून वेग वाढवतो, अशी मोठी मोठी अक्षरं.

"कुठनं तरी फुकटचं काही उतरवून घेतलं असणार," ती म्हणाली. "त्याच्या सोबतीनं हे गुपचूप आत शिरतं. सफाई करतो म्हणतं, आणि स्वतःच पाय पसरून बसतं. मग मशीन रांगतं."

"बिनबोलावलेला पावणा म्हणायचा."

"बिनबोलावलेला. वर आपल्यालाच घाण म्हणणारा."

तो स्टूल ओढून शेजारी बसला. त्याच्या हातांवरच्या केसांत सागवानाचा बारीक भुसा अडकलेला होता, आणि त्याचा कोरडा, गोडसर वास तिच्यापर्यंत येत होता. नाव प्रसेनजीत, गाव उचगाव. फौंड्रीत तो लाकडाचे नमुने करायचा, त्यांच्यावरून साचे बनायचे आणि साच्यांत लोखंड ओतलं जायचं. ती काम करत होती तेव्हा त्याची नजर पडद्यावर होती की तिच्या बोटांवर, हे तिनं बघितलं नाही. म्हणजे बघितलं... पण बघितलंय असं दाखवलं नाही.

काही दिवसांनी फोन आला. "मॅडम, परत आलंय."

"कोण?"

"पावणा."

या खेपेला वडलांनी मशीन हलवू दिलं नव्हतं. घरी जावं लागणार होतं. दुकानाचे मालक हंबीरराव म्हणाले, "उचगावला? दुसऱ्या कुणाला लावून देतो की."

"नको, माझंच काम अर्धं राहिलंय."

हंबीररावांनी चष्मा कपाळावर सरकवला, तिच्याकडं नीट बघितलं आणि चष्मा परत खाली घेतला. माणूस व्यवहाराचा. नफा कुठं होतोय हे त्यांना दिसलं, फक्त तो दुकानाचा नव्हता.

उचगावात गुऱ्हाळं सुरू झाली होती. उकळत्या रसाचा दाट वास गल्लीपर्यंत आला होता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर विणलेलं झाकण. प्रसेनजीतचे वडील भाऊसो 'जय भीम' घालून तिच्या पाठीमागं खुर्ची टाकून बसले, आणि काम संपेपर्यंत तिथून हलले नाहीत. त्याची आई आक्काताई मधूनमधून चहा आणून ठेवत आणि "बघ की गं बाई, काय लागीर झालंय त्या डब्याला" असं म्हणून जात.

तिनं ते काढलं. ते परत आलं. तिनं परत काढलं. ते परत आलं.

या येण्याजाण्यात बाकीच्याही काही गोष्टी घडत होत्या. उचगावला जायच्या दिवशी संघप्रियाच्या डोळ्यांत काजळ असायचं. ती यायच्या दिवशी प्रसेनजीत फौंड्रीतून लवकर सुटलेला असायचा, केस ओले, शर्टाची इस्त्री कडक.

"आज सुट्टी वाटतं?" ती विचारायची.

"न्हाय. मागून घेतली."

"कशाला?"

"कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून."

"तो तर मी बघणार आहे. तुम्ही काय बघणार?"

त्यावर तो खाली बघायचा, आणि त्याचे कान लाल व्हायचे. असले कान तिनं आजवर कुठल्याच पुरुषाला बघितले नव्हते.

अडचण एकच होती. गडहिंग्लजहून एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत. रविवारी बघायला येतो म्हणत होते. संघप्रियाच्या आईचा आवाज असा, की तिचा फोन कानाला लावायची गरजच पडत नसे. "हो म्हणू का नको? माणसं ताटकळल्यात!" असा तो दोन खोल्या ओलांडून यायचा. संघप्रियानं शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली होती. उचगावच्या माणसाच्या मनात काय आहे, ते तोपर्यंत कळायला हवं होतं.

शुक्रवारी फोन आला. "आलंय."

ती अंगणात पोचली तेव्हा तो पायरीवर उभा होता. तिनं गाडी लावली, ओढणी सावरली, आणि सगळा धीर गोळा करून डोळे मिचकावत म्हणाली, "पावणं, एक विचारू? तुम्हीच टाकताय ना ते परत परत? मला बोलवायला?"

तो बघतच राहिला. "न्हाय," तो म्हणाला. "मी न्हाय टाकत."

आतून भाऊसोंचा खणखणीत आवाज आला. "मी टाकतो! त्येला कशाला इचारतीस?"

संघप्रियाला जमीन दुभंगावी असं वाटलं. खोटं बोलत नाही म्हणून ज्याला तिनं जमेला धरलं होतं, त्यानं आताही खरंच सांगितलं होतं. आणि ती मात्र इतके दिवस काजळ घालत होती... एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी.

ती मान खाली घालून आत गेली. "काका, का टाकता हो ते?"

"बस. सांगतो." भाऊसो ताठ झाले. "माझी उमर गडहिंग्लजच्या एस्टी वर्कशॉपला गेली. डायव्हर गाडी आणून लावायचा, काय बिघडलंय ते सांगायचा. जो म्हणायचा 'काय न्हाय, समदं ठीक हाय', त्येचीच गाडी दुसऱ्या दिवशी घाटात बंद. तू ते काढलंस की हे मशीन गप्प. गप्प मशीनवर माझा भरवसा न्हाय. त्यो आतला मेकॅनिक रोज सकाळी दोष सांगतोय. पैसे मागतोय, ते मी देत न्हाय... पण इमानदार हाय गडी."

यावर गप्प बसणं सोपं होतं. नुसतं काढायचं, आठ-दहा दिवस वाट बघायची, परत फोन येणारच. भाऊसोंचा विश्वास टिकेल तोवर उचगावची वाट चालू. हा हिशोब संघप्रियाच्या डोक्यात येऊन गेला, आणि तिला स्वतःचाच राग आला. म्हातारा माणूस रोज सकाळी उठून एका लबाडाला इमानदार म्हणत होता. ते बघत राहायचं?

"काका, डेपोत नवी कोरी गाडी आली. अजून फाटकाबाहेरसुद्धा न गेलेली. आणि एकजण म्हणाला, हिच्यात शेकडो दोष आहेत. तर?"

"कानाखाली वाजवीन त्येच्या."

तिच्या पिशवीत खोकं होतं. स्वतःसाठी आजच घेतलेला लॅपटॉप, वरची पट्टीसुद्धा न फाडलेला. तिनं ती भाऊसोंकडून फाडून घेतली. लॅपटॉप सुरू केला, आणि आपल्या हातानं तो आतला मेकॅनिक त्यात बसवला.

लाल चक्र फिरलं. घंटा वाजली. आठशे बारा दोष.

भाऊसो पुढं झुकले. खोक्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, परत खोक्याकडं.

"मीटरच खोटा," शेवटी ते म्हणाले.

"व्हय, काका."

"म्हंजे मी रोज सकाळी..."

"रोज सकाळी उठून त्येचंच दर्शन!" दारातून आक्काताई म्हणाल्या. "मी सांगत हुतो. माझं कोण ऐकतंय?"

भाऊसोंचा चेहरा एवढासा झाला. संघप्रियानं खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "तुमचं चुकलं नाही, काका. दोष विचारायची सवय चांगलीच आहे. फक्त माणूस खोटा निघाला. हे बघा, मशीनचं स्वतःचं तपासायचं इथं असतं. काही नसलं, तर काही नाही म्हणून सांगतं."

"काय न्हाय म्हणणाऱ्यावर इस्वास ठेवू?"

"ठेवून बघा की."

ते खुदकन हसले. तिनं दोन्ही मशीनमधून ते मुळासकट उपटलं, पडद्यावर वरचेवर इशारे दाखवणारी खिडकीही कायमची बंद केली. "आता परत येणार नाही," ती म्हणाली. भाऊसो खूश झाले. संघप्रियानं आणि प्रसेनजीतनं कुठंतरी भिंतीकडं बघितलं.

प्रसेनजीत लॅपटॉपचं खोकं घेऊन तिच्या गाडीपर्यंत आला. संध्याकाळ झाली होती, गुळाचा वास हवेत थांबून राहिला होता. तिनं किल्ली लावली... पण फिरवली नाही.

"मी टाकत न्हवतो, ते खरं हाय," तो म्हणाला.

"कळलं हो. सारखं सारखं कशाला सांगताय?"

"पण काढता येतंय मला."

तिनं मान वर केली.

"तुमचं बघून दुसऱ्याच येळी शिकलो. आबा टाकायचे, मला दिसायचं. हात लावला असता तर लगेच निघालं असतं. मी हात लावायचो न्हाय... तुम्हाला फोन लावायचो."

"मग मगाशी का नाही बोललात?"

"टाकताय का, असं इचारलं तुम्ही. काढता येतंय का, हे कुठं इचारलं?"

कान लाल होतेच. या वेळी तो खाली मात्र बघत नव्हता.

"लबाड," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच हसण्यात विरघळला.

"व्हय. पण आता काय सांगून बोलवू, तेवढं कळंना... मॅडम."

"मॅडम म्हणून बोलवलं तर येणारच नाही मी."

तो थांबला. लाकडावर पहिली रेघ ओढताना थांबावं, तसा. मग म्हणाला, "संघप्रिया."

एवढंच. पण ते त्यानं असं म्हटलं, की तिनं किल्ली काढून घेतली आणि त्याच्यासमोरच फोन लावला. "आई, गडहिंग्लजच्यांना नको म्हणून सांग."

"का गं?" शेजारच्या परड्यातली म्हैससुद्धा मान वळवून बघू लागली. "बँकेतलं पोरगं हाय!"

"उचगावचे येणार आहेत."

"कोण उचगावचे? कवा ठरलं? कुणी ठरवलं? आणि मला न इचारता..."

संघप्रियानं फोन प्रसेनजीतपुढं धरला आणि भुवया उंचावल्या. त्याच्या हातांत खोकं. त्याला ना फोन धरता येत होता, ना कुठं पळता येत होतं. जन्मात कधी आवाज न चढवलेला तो माणूस एक पाऊल पुढं आला आणि गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, रविवारी येतो! आई-आबांना घेऊन!"

घरातून भाऊसोंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. संघप्रियानं फोन कानाशी नेला, कारण यावेळी, आयुष्यात पहिल्यांदाच, आईचा आवाज अगदी हळू आला होता.

"किती जणांचा सैपाक करू?"