बर्फातली कडी

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही, आमच्या घरातली आहे. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

साल १९५७. होळी नुकतीच झाली होती. मानोऱ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, माझे वडील, रामधन मिस्तरी, मशिनी सांभाळायचे.

ऐन कापसाच्या गर्दीत बेअरिंगची कडी झिजली. नवी यायला पंधरा दिवस. वडिलांनी जुन्या पोलादाची कडी घडवली, लाल तापवून तेलात बुडवली. मग अकोल्याहून आणलेल्या बर्फात मीठ टाकून पुरली. गारठ्यानं पोलाद आतून आणखी कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून नंतर मंद आचेवर चांगलं शेकावं लागतं. वडिलांना हे पक्कं ठाऊक होतं.

बर्फातून आवाज आला...

टिक्.

हाताखालचा सोमला वाकला. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा माणूस, दारूला कधी न शिवणारा.

"मिस्तरी, हे काहून वाजून राह्यलं?"

"थंडीनं आतलं पोलाद बदलून राह्यलं."

"मंग शेकून घ्या ना."

"शेकत बसलो तर आजचा दिवस जाईन. बसव तू."

सोमलानं बसवली.

दुपारी दोन वाजता कडी फुटली. तुकडा सोमलाच्या गळ्यात घुसला. तो जागेवरच गेला.

वडील सगळ्यांना म्हणाले, "पिऊन होता. कडी त्यानंच वाकडी ठोकली."

लोकांनी मानलं. सोमलाची बायको भुरीबाई तेवढी ओरडली, "माह्या माणसानं कधी थेंब घेतला नाही!" तिचं कोणी ऐकलं नाही.

कडीचे तुकडे वडिलांनी घरी ट्रंकेत ठेवले. कशासाठी, ते त्यांनाही सांगता येईना.

मे महिन्यातल्या भर दुपारी ट्रंकेतून...

टिक्.

आईनं झाकण उघडलं. तुकडे बर्फासारखे गार होते. खालचं लुगडं ओलं, त्यावर मिठाचे पांढरे डाग.

नंतर दर उन्हाळ्यात तेच. वडील घरात जेवेनासे झाले, ओसरीवर ताट घ्यायचे.

मरताना त्यांनी माझा हात धरला. "भुरीबाईले खरं सांगजो."

मी तांड्यावर गेलो. म्हातारीनं खाट टाकली, पाणी दिलं.

"मिस्तरीचा पोरगा ना तू? तुहा बाप भला होता. माह्या माणसाले त्यानंच खांदा देला."

पाणी पिऊन, खरं न सांगताच परत आलो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पुढच्या वर्षी भुरीबाई गेली. तिचा नवरा दारुडा होता, असं तांड्यावर अजूनही बोलतात.

ट्रंक आता माझ्याकडे आहे. वडील होते तोवर एकदाच वाजायचं. आता...

टिक्. टिक्.

तिला सांगायचं होतं ते आज तुम्हाला सांगितलं. वाटलं होतं, थांबेल.

थांबलं नाही.