दोर धरणारा

पाय वर घ्या रे, आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका. ज्याच्यावर बेतलं त्याच्याच तोंडून ऐकलंय मी, दवाखान्यात त्याच्या खाटेपाशी बसून.

दुकानांच्या पाट्या रंगवणारे दोघे होते. एक आमचा पेंटर, दुसरा त्याचा भागीदार. त्याला आम्ही बोका म्हणायचो. पेंटरच्या हातात कला होती. उरलेला रंग घरी न्यायचा. पोरीच्या खोलीत छताला ढग काढले, बायकोच्या डब्यांवर मासे. डाळीच्या डब्यावर मासा कशाला, म्हणून ती भांडायची आणि भांडता भांडता हसायची. घरावर जीव होता त्याचा.

उंच पाटी असली की पेंटर फळीवर चढायचा. फळीचा दोर गच्चीवरच्या कप्पीतून खाली यायचा, तो बोक्याने धरायचा. वरच्याने हाक दिल्याशिवाय हात सोडायचा नाही, एवढाच नियम. एके दुपारी बोक्याचा फोन वाजला आणि त्याने हात सोडला. निळी अक्षरं रंगवत असलेला पेंटर तिसऱ्या मजल्यावरून पडला, रंगाने माखलेल्या हातांनिशी जागीच गेला.

तर बोका म्हणतो कसा, "पिऊन चढला होता." अरे, ज्याने जन्मात थेंब घेतला नाही तो माणूस! पण गावभर तेच झालं. शाळेत पोरीला दारुड्याची म्हणायला लागले. पेंटरची बायको, आमची वहिनी, दारोदार सांगत फिरली, पण मेलेल्याची बाजू कोण घेतो?

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार होता. दुकान सकाळी उघडायचं, म्हणून तीच अर्धवट पाटी पुरी करायला बोका रात्री गेला. सोबत यायला कोणी तयार होईना. मग त्याने फळी वर ओढली, दोर खाली खांबाला बांधला आणि खिडकीतून फळीवर उतरला.

साडेबाराला फळी हलली. त्याने खाली पाहिलं. खांब मोकळा होता. दोर मात्र ताणलेला... कोणीतरी धरल्यासारखा.

"कोण आहे?"

खालून आवाज आला. शांत. ओळखीचा.

"मी प्यायलो होतो का रे?"

"हो," बोका बोलून गेला. जिभेला सवयच ती.

फळी हातभर खाली आली. खिडकी वर राहिली.

"प्यायलो होतो?"

"दोर... दोर कुजका होता..."

आणखी हातभर.

मग बोका ओरडला. फोन, सुटलेला हात, खोटं, सगळं. गल्लीत दिवे लागले. समोरच्या घरातून वहिनी धावत आली. सगळ्यांनी ऐकलं.

"आता तरी उतरव मला..."

तुम्हाला वाटेल, खरं बोलला, सुटला. कसला सुटतोय! पेंटर भला होता, पण त्याच्या पोरीला काय काय ऐकावं लागलं होतं. मीही नसता धरला.

दोर सुटला.

बोक्याचे दोन्ही पाय गेले, जीव तेवढा राहिला. लोक त्याच्याकडे धावले. वहिनी दोरापाशी गेली. त्या रात्री बोक्याने फक्त लाल रंग नेला होता. दोराच्या टोकाला दोन मुठींचे ठसे होते. निळे. वहिनीने हात लावला, तर तिची बोटं निळी झाली.