पाचवी नोंद

"मो... मो... मोगरा आहे का?" मी विचारलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिले.

बघायचंच होतं. स्पीच थेरपीच्या एम.एस्सी.त आम्हाला हेच काम दिलेलं – पाच अनोळखी माणसांसमोर मुद्दाम अडखळत बोलायचं आणि त्यांचे चेहरे वहीत टिपायचे. चार झाले होते. एक हसला. दोघींनी माझं वाक्य स्वतःच पुरं करून टाकलं. कोथरूडच्या एका दुकानदाराने तर सुनावलं, "आधी घरी पाठ करा, मग या."

पाचवा हा – कर्वेनगरच्या नर्सरीतला, हातात पाण्याची नळी. तो नुसता थांबला. घाई नाही, कीव नाही. मग म्हणाला, "आहे ना. कुं... कुं... कुंडीसकट देऊ?"

हा खराच अडखळत होता!

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी मोगरा घेतला आणि पळाले. पण त्याचं ते थांबणं... मनातून जाईना. दोन दिवसांनी पुन्हा गेले, तशीच खोटी अडखळत. मग जास्वंद, मग गवती चहा...

"खोली आहे की जं... जंगल?" केयूरने एकदा विचारलं. एव्हाना नावं कळली होती.

"ज... जंगलच."

"आणि वाघ?"

"रूममेट."

तो इतका हसला, की नळीने मलाच भिजवलं.

तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "तुझ्याशी बोलताना भीती वाटत नाही, अपूर्वा. आपण सा... सारखेच ना."

मला ते सहन होईना. मी सगळं सांगितलं – एकदाही न अडखळता.

त्याने नळ बंद केला. "म्हणजे मी तुझा अ... अभ्यास. छान. मार्क किती पडले?"

आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. वही मॅडमना दिलीच नव्हती. शेवटी तीच घेऊन गेले आणि पाचवी नोंद उघडून त्याच्या हातात ठेवली.

'थांबला. माझं बोलणं इतकं मनापासून कुणी ऐकलं नव्हतं. मी मात्र खोटी. उद्या सांगते.' खाली प्रत्येक भेटीच्या तारखेपुढे तेवढंच – उद्या सांगते.

"नऊ वेळा उ... उद्या?" तो गालातल्या गालात हसला.

"भित्री आहे मी."

तो दुसऱ्या हातातली वाहती नळी तशीच धरून उभा राहिला. "अपूर्वा... मला तू आ... आ..."

शब्द मला कळला होता, अगदी जिभेवर आला होता. पण दुसऱ्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही, हेच तर वर्षभर शिकत होते. पाणी माझ्या चपलांवरून वाहत गेलं. मी हलले नाही.

"...आवडतेस."

मला इतका आनंद झाला, की हसावं की रडावं ते कळेना.

"आता तू," तो म्हणाला. "नाटक न करता."

मी तोंड उघडलं. "मला... मला... तू..." आणि पुढे शब्दच फुटेना. खरंच!

केयूरने नळी खाली ठेवली आणि पालथ्या कुंडीवर ऐसपैस बसला.

"घाई नाही," तो म्हणाला. "मी थां... थांबतो."