चोरलपलीकडे बाबा

बाबांपर्यंत मलेरियाच्या गोळ्या पोचवायच्या होत्या, बस्स! कापडमिल बंद पडली, आमच्या परदेशीपुऱ्यात काम उरलं नाही, म्हणून बाबा चोरल नदीपलीकडच्या जंगलात लाकूडतोडीला गेले होते. "आठ दिवस झाले, ताप हटत नाही," असा निरोप आला आणि आम्ही निघालो: मी, माझा दादा हृषीकेश आणि बाबांच्या शेजारच्या मागावर वीस वर्षं काढलेले मोहनकाका.

कालाकुंड स्टेशनवर गाडीतून उतरलो. पुढे सागाचं ओलं रान आणि घोटाभर चिखल. दोनदा वाट चुकलो. आम्हा शहरी वीरांची जंगलाने पुरती जिरवली. दुपारी नदी दिसली आणि माझं अवसानच गळालं. दुथडी भरून वाहत होती!

एक दोर पुरेना. काकांनी दोन दोर जोडले आणि गाठीची टोकं चाकूने अगदी बुडाशी कापली. मागावर तुटलेलं सूत जोडताना असंच करतात, नाहीतर टोकं अडकतात.

"काका, टोकं राहू द्या ना."

"अगं, बीस साल सूत जोडलं मी. माझी गाठ कधी खुलली नाही!"

ते सूत होतं. हा नायलॉनचा ओला दोर होता.

दोराचं एक टोक सागाला बांधलं, दुसरं दादाच्या कमरेला. औषधांची पिशवी उंच धरून तो पाण्यात उतरला. पलीकडच्या झोपडीतून बाबा काठी टेकत बाहेर आले. किती वाळले होते!

तेवढ्यात दोराला हिसका बसला. गाठ सरकली. सुटली! दादा वाहत जाऊन आमच्या बाजूच्या खडकावर आपटला. एका हातात खडक, दुसऱ्या हातात पिशवी. बोटं निसटत होती. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, पण पाण्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना.

बाबांनी हात वर केला आणि मूठ झटकन उघडली. मागांच्या खडखडाटात कामगार हातांनीच बोलत. ही खूण आम्हा पोरांनाही ठाऊक होती. सोड!

दादाने मान हलवली. नाही! बाबांनी पुन्हा मूठ उघडली. पुन्हा.

पिशवी सुटली. दादाने दोन्ही हातांनी खडक कवटाळला, काकांनी फेकलेला उरलेला दोर धरला आणि आम्ही त्याला ओढून काढलं. काठावर पडून तो ढसाढसा रडला. मला रडूही येईना.

पलीकडून बाबांनी आमच्या घराच्या दिशेने हात दाखवला: परत जा. काकांनी हातांनीच काहीतरी उत्तर दिलं.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"कल येतो म्हटलं."

पूर उतरायला चार दिवस तरी लागणार होते. काकांना ते ठाऊक होतं, बाबांनाही. तरी बाबांनी हसून मान डोलावली आणि काठी टेकत ते आत गेले.