येते म्हणायचं नाही

एक होता गाडीवाला, एक त्याची बायको आणि एक त्याची आई. बायको म्हणजे मीच, तेव्हा ऐकीव काही सांगत नाही.

पाहुण्यांना डोंगर-तळी दाखवत हिंडवायचं, हा यांचा धंदा. बाहेर कुठे जेवावं ते यांना विचारावं. पाटी मोठी तिथे भाजी शिळी. ट्रक उभे तिथे डोळे मिटून बसावं. साऱ्या जगाला मुलूख दाखवला, घरच्यांना कधी नाही. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर मला दिवस गेले, पाचवा महिना लागला, तेव्हा म्हणाले, "चला, नंतर तू कुठली निघतेस."

चार दिवस हिंडलो. डोंगर सुंदर, पण माझे पाय सुजलेले, सासूबाईंची कंबर धरलेली. पाचव्या दिवशी भर दुपारी घाटात धुकं उतरलं. यांची नेहमीची खानावळ बंद. भुकेने मला भोवळ यायला लागली.

"वळणावर एक आहे," हे जरा थांबून म्हणाले. "जेवण चांगलं असतं. पण उठताना आम्ही गाडीवाले तिथे 'येतो' म्हणत नाही. 'जातो' म्हणायचं. दोघे चुकून म्हणाले होते, ते त्याच वळणावर... असो."

"निघताना 'जाते'? उभ्या जन्मात नाही म्हटलं मी," सासूबाई करवादल्या.

"आज म्हण, आई."

दगडी, बुटकी खोली. ओल्या राखेचा वास. चूल कधीची विझलेली, आणि ताटातल्या अन्नातून वाफ निघत होती. एक बाई पाठमोरी भांडी पुसत होती. आम्ही तिघं; ताटं चार.

"चौथं कुणाचं?" सासूबाईंनी विचारलं.

"तिचं," बाई न वळताच म्हणाली.

माझा हात आपोआप पोटावर गेला.

पण जेवण असं, की पोरांनो, चार दिवसांचा शीण उतरला. अंग सैल पडलं, डोळे जड झाले, आणि जन्माची सवय! उंबऱ्यात मी म्हणून गेले, "येते हं, बाई."

भांडं पुसणारा हात थांबला. ती पहिल्यांदाच वळली. साधाच चेहरा, फार दिवस वाट बघून दमलेल्या माणसाचा असतो तसा.

"कधी?"

हजारदा 'येते' म्हटलं असेल मी, पण 'कधी' असं उलटून कुणी विचारलं नव्हतं. यांनी माझा दंड धरला.

सासूबाई आम्हाला सारून पुढे झाल्या.

"ती नव्हे हो. बोलले ते मी. हिची सुटका होऊ दे, पोर महिन्याची होऊ दे... मग मी येते. नक्की."

बाईने त्यांना बराच वेळ न्याहाळलं. मग चौथं ताट उचललं.

"वाट बघते."

गाडीत बसल्यावर हे रडायलाच लागले. "आई, काय बोललीस हे..."

"गाडी हाक. कुठे तरी टेकायचंच आहे मला, दमलेय रे. तिथलं जेवण तरी बरं आहे."

मुलगीच झाली. ती महिन्याची झाली त्या दुपारी सासूबाईंनी तिचा मुका घेतला, बाहेरच्या चपला घातल्या. "येते गं," म्हणाल्या आणि पायरीवर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत.

पुढे मात्र आमचं भलं झालं. यांनी घाटाच्या पायथ्याशी स्वतःची खानावळ काढली. बाहेर ट्रकांची रांग असते, पाटी अजून छोटीच आहे. लेक गुणाची, हसरी, कधी तापानेसुद्धा निजली नाही. एकच खोड. बोलायला लागली तेव्हापासून घरातून निघताना म्हणते, "जाते."

पाच वर्षांची होती तेव्हा एकदा मी टोकलं. "अगं, असं म्हणू नये. 'येते' म्हणावं."

ती बुटाचा बंद आवळत होती. मान वर न करता म्हणाली, "नको. मग आजी विचारते ना... 'कधी?'"