दोनशे पस्तीस अंश, अठरा मिनिटं

सदुसष्ट सालच्या एप्रिलात नागपुरातल्या तिघांना एकच वेड लागलं होतं. दर रविवारी सकाळी सेमिनरी हिलवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा लपवायचा आणि हातातल्या होकायंत्रावर तो शोधायचा. खेळ काढला चंद्रभानकाकांनी, जमीन मोजणीतून निवृत्त झालेल्या. लपवणाऱ्यानं आत एखादी वस्तू आणि पुढच्या जागेची चिठ्ठी ठेवायची: इतके अंश, इतकी पावलं. वस्तू शोधणाऱ्याची.

त्या रविवारी डबा उत्तराच्या मैत्रिणीनं, तारानं लपवला होता. उत्तराला तो करवंदीच्या जाळीत सापडला. आत अर्धी कातरलेली सुपारी, आणि चिठ्ठी: २३५ अंश, १८ मिनिटं.

"काहून वं तारा, मिनिटं काय? पावलं मोजता येत नाहीत तुले?" उत्तरानं विचारलं.

"ही चिठ्ठी माझी नाही! मी हिरवी बांगडी ठेवली होती! सुपारी खायला म्हातारी झाली का मी?"

"कोणीतरी मस्करी करून राहिलं," काका म्हणाले. "अठरा मिनिटं चाललं तर थेट तलावात पडशील तू!"

तिघं पोट धरून हसले. उत्तरानं सुपारी होकायंत्राच्या चामडी पाकिटात टाकली.

उत्तरा बावीस वर्षांची. सोनेगावच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकत होती. गुरुवारी तिची शेवटची परीक्षा: एकटीनं रामटेकला जायचं, गडाला वळसा घालून परत यायचं. नापास झाली तर शिकणं बंद, असं वडिलांनी बजावलं होतं. सकाळी आई, यमुताई, हातावर दही-साखर ठेवून म्हणाली, "पिशवी मांडीवरच ठेव गं बाई, खाली नको ठेवू."

वर गेल्यावर उत्तरा मोठ्यानं गाऊ लागली. ऐकायला कोण होतं? कामठी गेली, कन्हान चांदीच्या तारेसारखी चमकून गेली. गडावरची देवळं उन्हात पांढरीशुभ्र दिसली.

वळसा घेतला आणि धुळीनं सगळं पुसून टाकलं. जमीन दिसेना. समोरच्या होकायंत्राची तबकडी अडकली होती, टिचक्या मारूनही हलेना.

ती घाबरली नाही. हातातलं होकायंत्र होतं ना. काकांनी ते याच विमानात, याच सीटवर तपासून दिलं होतं. तिनं ते मांडीवरच्या पिशवीवर ठेवलं आणि नकाशा पाहिला. तिच्याच पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: परतीला २२० अंश, १८ मिनिटं.

अठरा.

रविवारच्या चिठ्ठीतही अठराच मिनिटं होती. हिशेब तिनं तीनदा केला होता. दोनशे वीसच बरोबर होतं. पेट्रोल एका चुकीपुरतंही नव्हतं.

तिनं काटा दोनशे पस्तीसवर आणला.

दहा मिनिटं. धूळ.

पंधरा. धूळ.

अठराव्या मिनिटाला धूळ फाटली. नाकासमोर धावपट्टी होती.

खाली तारानं तिला उचलून गरगर फिरवलं. परीक्षकांनी हात मिळवला. काका मात्र होकायंत्र घेऊन बसले. मोकळ्या जमिनीवर काटा बरोबर. विमानात बरोबर. उत्तराच्या पिशवीवर ठेवलं की पंधरा अंश जास्त.

"दोनशे वीसवर गेली असतीस तर सोनेगाव पार बाजूला राहिलं असतं," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी पिशवी उलटी केली. लोखंडी अडकित्ता पडला.

संध्याकाळी घरी पेढ्यांची धमाल. वडील शेजारपाजाऱ्यांना मुलीच्या पराक्रमाची गोष्ट चौथ्यांदा सांगत होते.

"आई, हा अडकित्ता तूच ठेवला ना?"

यमुताई लाजल्या. "नजर लागू नये म्हणून वं. लोखंड असावं जवळ. आज पहाटेच पेटीच्या तळातून काढला."

"रविवारी कुठे होता?"

"पेटीतच. दहा वर्षं हात नाही लागला त्याले."

सगळे हसले. उत्तराही हसली. हसता हसता तिनं अडकित्ता उघडला. गंज करकरला. पात्यांमध्ये अर्धी सुपारी अडकलेली होती.

तिनं चामडी पाकिटातली काढली आणि दोन्ही अर्ध्या एकमेकींना लावल्या.

मधली रेघसुद्धा दिसेना.