पंपघरातला लाल गोळा

“तोंड खाली! बाटलीचं तोंड खाली धर, सुई!”

“येतं मला, ताई! तू आपली टिपून घे.”

सुईनं उपडी बाटली कोपरापर्यंत नदीत बुडवली, प्रवाहाकडे वळवली आणि भरताच वर काढली. अशी बुडवली की वरचा फेस-कचरा आत शिरत नाही. हे शिकवलं होतं आत्यानं. आत्या म्हणजे टिपणीची आणि भोंग्याची आत्या. गावातली माणसं गोळा करून ती दर रविवारी डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीचं पाणी तपासायची. सुट्टीला आलेली भाचरं मग सुटतात होय! तेरा वर्षांची टिपणी सगळं वहीत टिपायची म्हणून टिपणी. अकरा वर्षांचा भोंगा कुजबुजला तरी पलीकडच्या काठाला ऐकू जायचा. आणि धाकटी सुई शिंपल्या काढणाऱ्या मावशींची मुलगी. जाळं विणायची लाकडी सुई सदा तिच्या वेणीत खोचलेली.

“ताई,” सुई हात चोळत म्हणाली, “पाणी कोमट आहे.”

“सकाळी नऊला? नदीचं?” टिपणीनं हात घातला. खरंच की! न्हाणीघरातून वाहून आल्यासारखं कोमट!

तपासणीच्या वरच्या सहाही ठिकाणी पाणी स्वच्छ यायचं, इथे मुखाजवळ मात्र नासकं. चार महिने शिंपल्या काढायला बंदी होती. आज अकरा वाजता शाळेत सभा होती. पाणीखात्याच्या बाई निर्णय देणार होत्या: बंदी आणखी वर्षभर, आणि काठावरच्या झोपड्या उठवायच्या. घाण शिंपलीवाल्यांचीच, असं जो तो म्हणत होता. त्या झोपड्यांतली तिसरी सुईची होती.

“चला, कोमट पाण्याचा माग काढत जाऊ,” टिपणी म्हणाली.

हात बुडवत बुडवत तिघं काठानं वर गेली. इथे कोमट, इथे जास्त कोमट, आणि लव्हाळ्यात दडलेल्या एका जुन्या पाइपापाशी चक्क ऊन! पाइपातून करडं पाणी भळभळत होतं. वर गावाचं सांडपाणी उपसणारं पंपघर. दार उघडं होतं.

“पंपवाल्या काकांना विचारू,” म्हणत तिघं आत शिरली. पंपाचा धडधडाट एवढा की स्वतःचा श्वास ऐकू येईना. काका कोपऱ्यात पाठमोरे, कानाला फोन. मुलं कठड्याशी वाकून खालच्या खड्ड्यातलं पाणी बघतात न बघतात, तोच धाडकन दार लागलं. फोनवर बोलत बोलतच काका बाहेर पडले होते; बाहेरून कुलूप लागलं.

“काकाऽऽ!” भोंगा ओरडला. भिंती हादरल्या असत्या एरवी. आज पंपानं ती हाक गिळून टाकली.

“काकाऽऽऽ!”

कोणी नाही. भोंग्याचा चेहरा पडला. “ताई, मला मीच ऐकू येत नाहीये!”

एक खिडकी होती, तळहाताएवढी, गजांची. दार लोखंडी. लाथा मारून पाय दुखले, दार ढिम्म! वास तर असा की नाकाला ओढणी बांधूनही डोळ्यांत पाणी यावं. गजांतून आलेली उन्हाची चौकट जमिनीवरून इंच इंच सरकत होती. घड्याळात दहा, सव्वादहा, साडेदहा. सुई गुडघ्यात डोकं घालून पुटपुटत होती, आई शिंपल्या वेचताना म्हणायची ते:

*भरती आली गं बाई, भिजला खाडीचा काठ,*
*ओहोटी दावून गेली शिंपल्यांची वाट.*

“आपल्याला कोण दावणार वाट?” ती टिपणीच्या कानाशी हुंदका देत म्हणाली. “आई सभेत एकटी पडेल. तिला बोलता येत नाही गं चारचौघांत!”

टिपणीनं तिला जवळ घेतलं. मग सवयीनं वही उघडली आणि दिसेल ते टिपायला लागली. “पंप दोन. एक चालू, एक बंद, त्यात चिंध्या अडकलेल्या. खड्डा काठोकाठ. जादा पाणी जुन्या पाइपानं नदीत...” ती थबकली. “अरे, हीच ती घाण! अख्ख्या गावाच्या आंघोळीची, धुण्याची, सगळीच!”

“पण खड्डा भरला तर घंटा वाजते ना?” भोंग्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. *लाल गोळा तरंगून वर आला की छतावरची घंटा वाजेल.* “गोळा कुठाय?”

गोळा नव्हताच. होती एक दोरी. कठड्याला बांधलेली, खाली काळ्या पाण्यात गेलेली, ताठ. सुईनं डोळे पुसले आणि दोरीवर बोट ठेवलं. दोरी थरथरत होती, गळाला मासा लागावा तशी.

“खालून काहीतरी वर यायला बघतंय!” ती ओरडली. “ताई, गोळा बांधून ठेवलाय! खड्ड्यात उतरायच्या शिडीच्या पायरीखालून दोरी घेऊन!”

“घंटा सारखी वाजायची, म्हणून! पंप दुरुस्त करायचा सोडून घंटेचंच तोंड बांधलं!” भोंगा रागानं लाल झाला.

“कठड्याच्या अलीकडूनच हं सगळं!” टिपणीनं बजावलं.

गाठ चार महिने दमट वाफेत भिजून दगड झाली होती. भोंग्याची नखं तुटली, टिपणीची बोटं सोलली. मग सुईनं वेणीतून लाकडी सुई काढली. गाठीच्या पोटात टोक घातलं, डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं, कुरवाळल्यासारखं. अकराला पाच कमी. अकरा. अकरा वाजून दहा.

“सुटतेय... सुटतेय...”

सर्रर्र! दोरी हातातून निसटली. काळं पाणी फाकलं आणि लालभडक गोळा उसळून वर आला!

ठणठणठणठण! छतावर चार महिने मुकी असलेली घंटा गावभर बोंबलत सुटली!

दार उघडलं तेव्हा बाहेर अख्खी सभा उभी होती. सर्वांत पुढे आत्या, तिच्या मागे पाणीखात्याच्या बाई आणि मान खाली घातलेले पंपवाले काका.

“हे आत्ताच सभेत सांगत होते, ‘आमचं पंपघर एकदम ठणठणीत!’” आत्या म्हणाली. “आणि नेमकी ठणठण सुरू झाली!”

“डोकं उठायचं हो त्या घंटेनं,” काका पुटपुटले. “उद्या करू, उद्या करू म्हणता म्हणता राहिलं... पोरं आत असतील, असं स्वप्नातही...”

बाईंनी टिपणीची वही उभ्या उभ्याच वाचून काढली आणि शेवटच्या ओळीखाली सही केली. “माझ्या खात्याला चार महिन्यांत जमलं नाही, ते तुम्ही कोंडलेले असताना केलंत! झोपड्या कुठेही जाणार नाहीत. पंप आजच दुरुस्त होईल. आणि पाणी सलग तीन रविवार स्वच्छ आलं, की बंदी उठली!”

तिसऱ्या रविवारी सुईनं उपडी बाटली बुडवली. पाणी थंडगार! दोन दिवसांनी निकाल आला: स्वच्छ. ओहोटी लागताच मावशी टोपली घेऊन चिखलात उतरल्या. भोंगा मात्र काठावर गप्प बसून होता. पंपघरात त्याची हाक कुणालाच ऐकू गेली नाही, त्या दिवसापासून त्याचा आवाज जरा दबलाच होता.

मावशींनी पहिली शिंपली त्याच्या हातावर ठेवली.

“गप्प का रे बाळा? घाल की साद! आता आहोत आम्ही ऐकायला.”

भोंग्यानं छाती भरून श्वास घेतला. पलीकडच्या काठावरचे बगळे एकदमच उडाले!